आवाज कमी-जास्त करण्याचा हक्क

वामनदादा कर्डकांचे गीत संगणकावर लावावे आणि त्याचा आवाज थोडा कमी करावा, ही डोळस माणसाच्या दृष्टीने क्षणाची गोष्ट. माऊस धरला, पडद्यावरची आवाजाची पट्टी खाली ओढली, काम झाले. पण ज्याला पडदाच दिसत नाही त्याने हे कसे करायचे? आमच्या सभा-संमेलनांत हा प्रश्न फारसा निघत नाही. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या मुळाशी गेले की तो थेट स्वाभिमानापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणूनच आज आम्ही त्यावर लिहीत आहोत.

अंध व्यक्ती संगणक कानाने वापरते. स्क्रीन रीडर नावाचे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर आणि बटणांची नावे बोलून दाखवते आणि ती व्यक्ती माऊसऐवजी कीबोर्डने काम करते. आता गाणे सुरू झाले की एकाच स्पीकरमधून दोन आवाज येऊ लागतात, एक गाण्याचा आणि दुसरा स्क्रीन रीडरचा. ढोलकी आणि कोरसच्या गजरात स्क्रीन रीडर काय सांगतो ते ऐकूच येत नाही. संगणकाचा मुख्य आवाज कमी करावा, तर दोन्ही आवाज एकदम खाली येतात आणि अडचण तशीच राहते. काम करीत असलेल्या डोळस माणसाच्या डोळ्यांवर कुणी हात ठेवावा, तसाच हा प्रकार. तेव्हा फक्त गाण्याचा आवाज वेगळा कमी करता यावा, ही चैनीची मागणी नाही.

आणि ते करता येते. एकेकाळी सायबर कॅफेत सर्रास दिसणाऱ्या विनअँपमध्ये नुसता वरचा बाण दाबला की गाण्याचा आवाज वाढतो, खालचा दाबला की कमी होतो. व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोलचे बटण धरून तेच बाण दाबायचे. एम दाबले की आवाज बंद. विंडोज मीडिया प्लेअरच्या १२ व्या आवृत्तीत एफ ८ ने आवाज कमी होतो, एफ ९ ने वाढतो. पट्टी नीट बनवलेली असेल तर टॅबचे बटण दाबत तिच्यापर्यंत पोहोचता येते, बाणांनी ती सरकवता येते, आणि आवाज किती टक्क्यांवर आला हे स्क्रीन रीडर लगेच बोलून सांगतो.

स्क्रीन रीडरचा स्वतःचा आवाजही वेगळा बदलता येतो. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये कंट्रोल आणि इन्सर्ट ही बटणे धरून डाव्या-उजव्या बाणांनी आवाजाच्या सेटिंगवर जायचे आणि वर-खालच्या बाणांनी तो वाढवायचा किंवा कमी करायचा. २०१६ पासून यात आणखी एक सोय आली. विंडोज ८ किंवा त्यापुढच्या संगणकावर एनव्हीडीए इन्स्टॉल केलेले असेल, तर स्क्रीन रीडर बोलू लागताच गाणे आपोआप हळू होते आणि त्याचे बोलणे संपले की पूर्ववत वाजू लागते. इन्सर्ट, शिफ्ट आणि डी ही बटणे एकदम दाबून ही सोय निवडायची. ज्या घरात अंध मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराने ही बटणे जरूर लिहून ठेवावीत.

हे एनव्हीडीए कुणी बनवले, हेही आमच्या वाचकांनी जाणून घेण्यासारखे आहे. जॉजसारखे स्क्रीन रीडर विकत घ्यायचे तर हजारो रुपये मोजावे लागतात. ते गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने स्वतः स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्यांनी तो जगाला मोफत दिला, आणि आज त्यात मराठी वाचणारा आवाजही आहे. ज्यांचा प्रश्न होता त्यांनीच उत्तर शोधले. कुणीतरी येऊन आपला उद्धार करील याची वाट ते पाहत बसले नाहीत. बाबासाहेबांच्या अनुयायांना ही वाट परकी वाटू नये.

मग अडते कुठे? अडते ते प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या टेबलावर. पट्टी सुंदर रंगवायची, पण तिला नाव द्यायचे नाही. ती माऊसने ओढता यावी, पण कीबोर्डने तिच्यापर्यंत पोहोचताच येऊ नये. अशा ठिकाणी स्क्रीन रीडर नुसते 'बटण, बटण' म्हणत राहतो. सोय पडद्यावर आहे, पण सर्वांसाठी नाही.

हे ऐकले की आम्हाला महाड आठवते. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरले. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर जाईपर्यंत आमच्या ओंजळीला ते पाणी लागले नव्हते. अंधत्व आणि अस्पृश्यता एकच, असे आमचे म्हणणे नाही. पण कागदावर खुले आणि प्रत्यक्षात बंद म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. वरून ओतलेले पाणी पिऊनही तहान भागतेच. तरी आमच्या बापजाद्यांनी स्वतःच्या ओंजळीचा आग्रह धरला. 'अरे, जरा आवाज कमी कर ना' अशी घरातल्या डोळस माणसाची दिवसातून दहा वेळा विनवणी करावी लागणाऱ्या अंध तरुणाचा आग्रह याहून वेगळा कसा असेल?

२०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी अपंगांसाठी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. गोड नाव दिले म्हणून हक्क मिळत नाहीत, हे 'हरिजन' या शब्दाने आम्हाला केव्हाच शिकवले आहे. हक्क मिळतो तो कायद्याने आणि त्याच्या अंमलबजावणीने. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम ४२ ने माहिती आणि संपर्क साधने अपंगांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. बाबासाहेबांच्या घटनेतून निघालेली ही वाट आहे.

सरकारला जाब विचारताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के आहे. म्हणजे हा प्रश्न आमच्या वस्तीत अधिक आहे. तरीही आपलीच एखादी वेबसाइट उघडताच भीमगीत मोठ्याने वाजू लागते आणि अंध वाचकाला ते बंद करण्याचे बटण सापडत नाही. आपोआप वाजणारा आवाज तीन सेकंदांहून अधिक चालणार असेल, तर तो थांबवण्याची किंवा वेगळा कमी करण्याची सोय हवी, असा आंतरराष्ट्रीय संकेत २००८ पासून आहे. आपली पत्रके जुन्या फॉन्टमध्ये टाइप होतात आणि स्क्रीन रीडर ती निरर्थक अक्षरे म्हणून वाचतो. युनिकोडमध्ये तोच मजकूर त्याला सरळ वाचता येतो.

आमच्या समाजातली हजारो मुले-मुली आज संगणक क्षेत्रात काम करतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. भीमगीतांचे, भाषणांचे ॲप किंवा वेबसाइट बनवाल तेव्हा एकदा माऊस काढून बाजूला ठेवा, स्क्रीन रीडर सुरू करा, डोळे मिटा आणि आवाज कमी करून पाहा. तो जमला नाही, तर तुमचे काम अजून अपुरे आहे असे समजा. येत्या १४ एप्रिलपूर्वी प्रत्येक बुद्धविहारातल्या, वाचनालयातल्या आणि वसतिगृहातल्या संगणकावर मोफत स्क्रीन रीडर बसवता येईल. त्यासाठी ना निधी लागतो, ना शासनाची परवानगी. समतेचा आवाज साऱ्यांच्या कानी जावा असे आपण म्हणतो. तो किती मोठा असावा, हे ठरवणारे बटणही साऱ्यांच्या हाती असले पाहिजे.

जय भीम!