स्पष्ट शब्द : संसारात आणि व्यवहारात

विवाह आणि व्यापार ही जीवनाची दोन निरनिराळी क्षेत्रे आहेत, असे आपण मानतो. एक मनाचे, दुसरे पैशाचे. परंतु आपल्या सातपुड्याच्या परिसराला परिचित असलेल्या एका शब्दात ही दोन्ही एकत्र नांदतात. तो शब्द म्हणजे 'कोयता'. ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता हे केवळ हत्यार नसते. एकत्र तोडणी करणाऱ्या पतिपत्नीच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो, ती या जोडीच्या श्रमांवर. उचल बहुधा पती घेतो; ती फेडण्यासाठी मात्र दोघांचे हात लागतात.

म्हणूनच आम्हांस असे वाटते की, स्पष्ट हेतूने बोलणे हा आपल्याकडे निव्वळ शिष्टाचाराचा विषय नाही. उचल किती घेतली, टनाला दर काय ठरला, परत केव्हा यायचे आणि मुले कोठे राहणार, हे पतिपत्नींनी आधी एकमेकांशी बोलले नसेल, तर मुकादमाशी झालेला व्यवहार घराच्या आतच अर्धवट राहिलेला असतो. त्याची किंमत पुष्कळदा मुलांच्या शिक्षणाने मोजली जाते.

स्पष्ट बोलणे म्हणजे नेमके काय? 1872 च्या भारतीय करार कायद्याने संमतीची व्याख्या अत्यंत सोप्या रीतीने केली आहे. दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता दिली, तरच ती संमती. धाकाने, दडपणाने किंवा फसवणुकीने मिळविलेली संमती कायदा मुक्त मानीत नाही. 'एकाच अर्थाने' हे त्यातील महत्त्वाचे शब्द होत. मोलगीच्या बाजारात आमचूर विकणारी बाई 'चांगला माल' म्हणते, तेव्हा तिच्या मनात स्वतःचे कष्ट असतात. व्यापाऱ्याच्या मनात पांढरा, कोरडा, काळा न पडलेला माल असतो. प्रत कोणती, भाव किलोला किती, वजन कोणत्या काट्यावर आणि पैसे आज की पुढच्या बाजारी, हे उच्चारले गेले की 'चांगला' या शब्दाचा अर्थ दोघांसाठी एक होतो.

अर्थ एक नसला की काय घडते, याची साक्ष आपल्या जिल्ह्याचा इतिहास देतो. शहादा परिसरात अनेक आदिवासी कुटुंबांच्या जमिनी कर्ज आणि कागदपत्रे यांच्या मार्गाने हातून गेल्या. ज्याला कागद वाचता येत नव्हता, त्याच्या अंगठ्यालाच संमती मानले गेले. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने 1970 च्या दशकात या अन्यायाविरुद्ध लोकांना उभे केले. त्याच दशकात, 1974 साली, आदिवासींच्या जमिनी परत देण्याविषयीचा कायदा महाराष्ट्राने केला. अक्षरज्ञान हे म्हणूनच स्वसंरक्षणाचेही साधन आहे.

करार कायदा आला त्याच्या पुढच्याच वर्षी, 1873 साली, महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या वर्षअखेरीस पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्या पद्धतीत वधू-वर परस्परांशी आपल्या भाषेत बोलतात. वधू आपल्या हक्काविषयी विचारते आणि वर सर्वांसमक्ष वचन देतो. ज्याचा अर्थ कळत नाही अशा मंत्रांवर संसार उभारण्यापेक्षा, ज्याचा अर्थ दोघांनाही कळतो अशा शब्दांवर तो उभारावा, हा त्यामागील विचार.

भगवान बुद्धांनी राजगृह येथे सिगाल नावाच्या तरुण गृहस्थास जो उपदेश केला, त्यात पतिपत्नींची कर्तव्ये आणि मालक-कामकऱ्यांची कर्तव्ये एकाच सूत्रात आली आहेत. पत्नीचा सन्मान करावा, तिला घरातील अधिकार द्यावा. कामकऱ्यास शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी. संसार आणि व्यवहार यांना नीतीचे दोन वेगळे काटे तेथे नाहीत. अन्यत्र चांगल्या वाणीची पाच लक्षणे सांगितली आहेत : ती योग्य वेळी बोललेली, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीच्या भावनेने उच्चारलेली असावी. स्पष्टता म्हणजे कठोरता नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. सत्य सांगतानाही मृदू राहता येते. आणि मृदू राहण्यासाठी सत्य झाकावे लागत नाही.

'मौन म्हणजे संमती' ही समजूत मात्र आपण सोडली पाहिजे. देज ठरविण्यासाठी दोन्हीकडची मंडळी पंचांसमोर बसतात, तेव्हा रक्कम, दिवस, जेवण यांची चर्चा बारकाईने होते. मुलीचे मन मात्र तिच्या मौनावरून ताडले जाते. तिला स्वतंत्रपणे विचारावे, तिचे वय अठरा पूर्ण असल्याची खात्री करावी, पुढे शिकण्याची इच्छा असल्यास ती त्याच बैठकीत सांगितली जावी. 'नको' म्हणण्याची मुभा असेल, तरच 'हो'ला मोल असते.

व्यवहारात काही साध्या सवयी पुरेशा आहेत. बोलण्यापूर्वी आपल्याला काय हवे ते स्वतःशी निश्चित करावे. ठरलेली गोष्ट समोरच्याकडून त्याच्या शब्दांत पुन्हा वदवून घ्यावी. उचल, दर व फेड तारखेसह वहीत लिहावी आणि दोघांनीही ती वाचावी. घरात जो वाचू शकतो, मग तो सातवीतला मुलगा असो की मुलगी, त्याने ती मोठ्याने वाचून दाखवावी. परिस्थिती बदलली व शब्द पाळता येणार नाही असे दिसले, तर मुदत टळण्यापूर्वीच कळवावे. शब्द मोडण्यापेक्षा तो वेळीच बदलून मागणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज दुकान चालवीत असेल, कोणी नोकरीत असेल, कोणी नव्याने संसार मांडीत असेल. शाळेने हाती दिलेली अक्षरे केवळ अर्ज भरण्यासाठी नाहीत. ज्याच्याशी आयुष्य जोडायचे आणि ज्याच्याशी व्यवहार करायचा, त्या दोघांनाही आपला हेतू निर्भयपणे व मैत्रीभावाने सांगता यावा, यासाठी ती आहेत. तसे झाले, तर सातपुड्यातील कोणत्याही 'कोयत्या'चा हिशोब दोघांनाही ठाऊक असेल आणि त्यांचे मूल वर्गात बसलेले असेल.