गाडी लागली, नंबर लागला, वाट लागली!

वाकोला ब्रिजपासून सांताक्रूझ स्टेशनकडे रिक्षाने निघा आणि वाटेत फक्त पाट्या वाचा. टायरवाल्याकडे ‘स्टेपनी’, झेरॉक्सवाल्याकडे ‘स्पायरल बाइंडिंग’, जिन्याच्या तोंडाशी ‘फाडफाड इंग्लिश’चा क्लास. फाडफाड म्हणजे नेमकं काय फाडतात, ते विचारू नका. पण इंग्रजी शब्द कसे जन्मतात, कुणाशी त्यांचं जमतं आणि कुणाशी हाडवैर असतं, हे बघायला वाकोल्यासारखी जागा नाही. एका अंगाला कलिन्याचं विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला विमानतळ, मधून धडधडणारा हायवे.

चहापासून सुरुवात करू. टपरीवर आपण ‘एक कडक’ म्हणतो. इंग्रजीत हा चहा ‘स्ट्राँग’ होतो. ‘पॉवरफुल’ म्हटलंत तर व्याकरण बिनचूक, अर्थही बरोबर, पण ऐकणारा साहेब गोंधळणार. पॉवरफुल गाडी असते, चहा नसतो. आपला ‘कडक’ तर फारच मिळूनमिसळून वागणारा. कडक ऊन इंग्रजीत ‘स्कॉर्चिंग’, कडक शिस्त ‘स्ट्रिक्ट’, कडक बंदोबस्त ‘टाइट’, कडक इस्त्रीचा शर्ट ‘क्रिस्प’. कडकलक्ष्मी तेवढी भाषांतराला दाद देत नाही, आसूड घेऊन वेशीवरच थांबते. आणखी गंमत म्हणजे वारा जोराचा असेल तर तो ‘स्ट्राँग’ आणि पाऊस जोराचा असेल तर तो ‘हेवी’. का? काही कारण नाही. शब्दांच्या सोयरिकी अशाच जमतात, पत्रिका न बघता. या सोयरिकीला कोलोकेशन म्हणतात.

स्ट्राँग चहाचं हे उदाहरण मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने १९६६ साली दिलं आणि तेव्हापासून जगभरचे मास्तर तोच चहा उकळत आहेत. हॅलिडेंचे गुरू जे. आर. फर्थ. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते, हा विचार त्यांनी १९५७ मध्ये मांडला. आजचे भाषेचे संगणकी नमुनेही मुळात याच वाटेने चालतात. आणि हे फर्थ १९१९ ते १९२८ ही नऊ वर्षं कुठे इंग्रजी शिकवत होते? लाहोरला, पंजाब विद्यापीठात!

त्याच काळात उपखंडाच्या दुसऱ्या टोकाला, ढाक्यात, मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणाधिकारी बंगाली पोरांची इंग्रजी पुस्तकं चाळून वैतागले होते. धड्यांत अवघड, जुनाट, पुस्तकी शब्दांची गर्दी. एक शब्द डोक्यात बसेपर्यंत पुढचे चार अंगावर. वेस्टनी गोष्टी नव्याने लिहून घेतल्या. नवे शब्द थोडे, आणि जे येतील ते पुन्हा पुन्हा भेटणारे. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची प्रसिद्ध यादी छापून आली. साध्या इंग्रजी मजकुरातले शंभरातले ऐंशीएक शब्द या यादीतले निघतात. उरलेल्या वीस शब्दांसाठी मात्र आयुष्य जातं.

तिसरा गडी ए. एस. हॉर्नबी, जपानमध्ये इंग्रजी शिकवणारा. शिकणाऱ्याला नुसता अर्थ नको, शब्द वाक्यात बसवायचा कसा तेही हवं, म्हणून त्याने कोश केला. तो छापला गेला १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, जपान आणि ब्रिटन एकमेकांवर तोफा डागत असताना. ऑक्सफर्डने तो १९४८ मध्ये आपल्या नावावर आणला. मराठी मुलं ज्याला नुसतं ‘ऑक्सफर्ड’ म्हणतात, तो जाडजूड विद्यार्थी-कोश हाच. एक लाहोरचा, एक ढाक्याचा, एक जपानचा. इंग्रजी शब्द शिकवावेत कसे, हे इंग्लंडबाहेरच्या वर्गांनी इंग्लंडला शिकवलं, असं म्हणायला माझी हरकत नाही.

याच कोशाच्या दहाव्या आवृत्तीत, २०२० मध्ये, भारतीय इंग्रजीतले २६ नवे शब्द दाखल झाले. त्यांत ‘आधार’ होता, ‘शादी’ होती आणि आपली ‘चाळ’ व आपला ‘डबा’सुद्धा. विजेच्या अर्थाने ‘करंट’ही, डिजिटल आवृत्तीत. म्हणजे वाकोल्याच्या चाळीत करंट गेला आणि अंधारात डबा सांडला, हे आता जवळपास ऑक्सफर्डच्या साक्षीने सांगता येतं.

लागण्याची लागण

आता थोडं थांबू, कारण माल इथे आहे. ‘लागणे’ या एका क्रियापदाने इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाचा जेवढा छळ मांडलाय, तेवढा स्पेलिंगनेही मांडला नसेल.

भूक लागली, तर इंग्रजीत तुम्ही ‘हंग्री’ असता, काही लागतबिगत नाही. झोप लागली, तर झोपेत ‘फॉल’ होता, म्हणजे चक्क पडता. ठेच लागली, तर अंगठा ‘स्टब’ करता. नोकरी ‘गेट’ करता. निकाल ‘आउट’ होतो. रेशनच्या रांगेत नंबर लागला, तर तुमचा ‘टर्न’ येतो. वेळ लागला, तर तो ‘टेक’ होतो. पैसे लागतात तेव्हा ‘कॉस्ट’. आमटीला मीठ जास्त लागतंय, तर ती ‘टेस्ट’ होते. ती माझी आत्या लागते, तर फक्त ‘इज’. सिनेमा लागतो, दृष्ट लागते, नाद लागतो, वाट लागते. आणि ‘गाडी लागली’? अर्थ दोन. चर्चगेटची लोकल फलाटावर येऊन उभी आहे. किंवा महाबळेश्वरच्या घाटात मागच्या सीटवरचा भाचा पिशवी मागतोय. पहिल्या गाडीला इंग्रजीत ‘द ट्रेन इज इन’ म्हणतात, दुसऱ्या गाडीत भाचा ‘कारसिक’ असतो. दोन्हींत ‘लागणं’ कुठेच नाही.

इंग्रजांनी फार फुशारून जाऊ नये. त्यांच्या ‘रन’चं काय? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने २०११ च्या सुमारास या क्रियापदाची नव्याने मोजदाद केली तेव्हा अर्थ भरले ६४५. नाक ‘रन’ होतं, दुकान ‘रन’ होतं, स्टॉकिंगची वीण ‘रन’ होते, उमेदवार ‘रन’ होतो आणि निवडून आला तर राज्यही ‘रन’ करतो. त्याआधी सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता.

मराठी मुलगा ‘परीक्षा देतो’ आणि म्हणून इंग्रजीतही ती ‘गिव्ह’ करतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, देणारा मास्तर. मला मात्र आपलं देणं जास्त खरं वाटतं. तीन तास बाकावर बसून घाम गाळल्यावर आपण काय घेऊन येतो हो?

गॅरेजातला शब्दकोश

हायवेच्या कडेच्या टायरवाल्याकडे चला. ‘स्टेपनी’ हा शब्द लंडनच्या माणसाला सांगून पाहा, तो लंडनच्याच एका वस्तीचं नाव समजेल. आपली स्टेपनी त्या वस्तीची नव्हे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ मध्ये जादा चाकाचा धंदा सुरू झाला आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. मायदेशी ते विसरलं गेलं. आपल्याकडे अजून प्रत्येक गाडीत आहे.

तिची जागा ‘डिकी’त. जुन्या मोटारींना मागे एक उघडणारी जादा सीट असायची, तिचं नाव डिकी. सीट गेली, सामान आलं, नाव राहिलं. आणि डिकीत न मावणारं सामान ज्यात जातं तो ‘टेम्पो’ म्हणजे हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचा छाप. फिरोदियांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो काढली आणि तीनचाकी गाड्या रस्त्यावर आणल्या. मग तीन चाकं असोत की चार, माल नेणारी प्रत्येक लहान गाडी टेम्पो झाली. कंपनीने २००५ मध्ये नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. गणपती आणायला मात्र आजही कुणी ‘फोर्स’ सांगत नाही. विद्यापीठाच्या आसपासच्या दुकानांतलं ‘झेरॉक्स’ही याच जातीचं. त्यातल्या ग्रीक मुळाचा अर्थ ‘कोरडं’, कारण शाईच्या पाण्याशिवाय छपाई. जूनमध्ये भिजलेल्या नोट्स घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरांना हे सांगू नका.

त्याच हायवेवर पेट्रोलचा टँकर पुढे गेला की मागची अक्षरं वाचा. कुठे ‘हायली इनफ्लेमेबल’, कुठे ‘हायली फ्लेमेबल’. अर्थ एकच, पेट घेणारं. ‘इन’ लागला की शब्द उलटतो, हे शाळेत शिकलेला माणूस इथे फसतो आणि शेजारी विडी शिलगावतो. हा ‘इन’ नकाराचा नव्हे, ‘इनफ्लेम’मधला, म्हणजे आत पेटवणारा. गैरसमजाने जीव जायला नकोत म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी ‘इन’ छाटायचा आग्रह धरला. ‘इनव्हॅल्युएबल’चाही असाच घोळ. त्याचा अर्थ बिनमोलाचा नव्हे, तर मोल करता येणार नाही इतका मोलाचा, अगदी आपल्या ‘अमूल्य’सारखा.

नवा शब्द जोडताना भारतीय माणूस मात्र लाजत नाही. ‘पोस्टपोन’ आहे ना, मग ‘प्रीपोन’ का नाही? हसू नका. लॅटिनमध्ये ‘पोन’चं मूळ ‘ठेवणे’ या अर्थाचं, म्हणजे ‘आधी ठेवणे’ ही जोडणी शास्त्रशुद्ध आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या एका वाचकाने १९१३ मध्येच पत्र लिहून हा शब्द सुचवला होता. अमेरिकेने तो मनावर घेतला नाही, आपण घेतला. ‘टू थाउजंड ट्वेल्व्हला पास आउट झालो’ हे मात्र लंडनमध्ये जपून. तिथे माणूस पास आउट होतो म्हणजे बेशुद्ध पडतो. खडकवासल्याच्या एनडीएत ‘पासिंग आउट परेड’ होते तेव्हा कॅडेट ताठ उभे असतात. शब्द तेच, मैदान वेगळं.

जोडशब्द तुकडे करून वाचले की कसे चकवतात, याचा नमुना हवा तर तो वाकोला-कलिन्याच्या जुन्या गावठाणांत राहतो. हा सारा भाग सरकारी दप्तरात कोळे कल्याण. इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती म्हणजे ‘ईस्ट इंडियन’. राहतात पश्चिम किनाऱ्यावर, नाव पूर्वेचं! व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या १८८७ मध्ये त्यांनी हे नाव घेतलं. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, आणि ईस्ट इंडिया कंपनीशी आपला जुना संबंध, हे त्यातून सांगायचं होतं. पूर्व-पश्चिमेशी काही देणंघेणं नाही.

विमानतळ जवळ आहे म्हणून एक गंभीर गोष्ट. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं, रेडिओत खरखर होती. आणि आपण ‘टेक ऑफला आहोत’ अशा अर्थाचं एक अडनिडं इंग्रजी वाक्य डच विमानातून आलं. नियंत्रकाला वाटलं विमान उभं आहे. ते धावत होतं. तेव्हापासून नियंत्रण कक्ष ‘टेक ऑफ’ हे शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारतो, एरवी ‘डिपार्चर’. जगात कुठेही, मुंबईतही.

काही सुटे दाणे. ‘टीपॉय’चा टीशी म्हणजे चहाशी संबंध नाही, तीन पायांची ती तिपाई, चहा स्पेलिंगमध्ये नंतर सांडला. ‘मंगूस’ सरळ मराठी मुंगूस, त्यामुळे हंसासारखं त्याचं अनेकवचन ‘मंगीस’ करायचं कारण नाही. मुंबई विद्यापीठ १८५७चं आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही १८५७चीच.

मग शब्द किती यायला हवेत? पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला. इंग्रजी कादंबरी कोश न उघडता वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं. कुटुंब म्हणजे ‘हॅपी’, ‘अनहॅपी’, ‘हॅपिनेस’ हे सगळे एका चुलीवर. आकड्याने घाबरू नका. घरातला एक ओळखीचा झाला की बाकीचे दार उघडतात. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पिढ्यान्पिढ्या टिकली ती याचसाठी, की तिथे शब्दांपाठोपाठ लगेच वाक्यं करायला लागायची. पाठांतराच्या याद्या विकणाऱ्या क्लासपेक्षा ती आजही उजवी, असं माझं स्पष्ट मत.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात एक लाडका प्रश्न असतो: दिलेल्या शब्दातली अक्षरं वापरून किमान तीन अक्षरी चार शब्द करा. वाकोल्याच्या इंग्रजी स्पेलिंगवर करून पाहिलं, तर ‘ओक’, ‘ओव्हल’, ‘लाव्हा’ आणि चक्क ऑस्ट्रेलियाचा ‘कोआला’ निघतो. सांताक्रूझ तुमच्यासाठी ठेवलंय. त्यात रशियाचा झार लपलाय, तो ‘सी’पासून शोधा.