हीलियम, अतिसंवाहक चुंबक आणि रोगनिदानाचे भवितव्य

मुळा नदीच्या काठचे वाकड हे एकेकाळी शेतीवर जगणारे गाव होते. आज ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले असून, हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी आणि चिंचवड-भोसरीचा कारखानदारी पट्टा यांच्यामध्ये ते वसले आहे. अशा नागरी परिसरातील रुग्णालयांत मेंदूचे विकार, मणक्याची दुखापत अथवा अर्बुद यांच्या निदानासाठी चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन, म्हणजेच सर्वपरिचित एम. आर. आय., ही आता नित्याची तपासणी झाली आहे. या तपासणीची भिस्त मात्र अशा एका वायूवर आहे की, जो भारतास जवळजवळ सर्वस्वी परदेशांतून आणावा लागतो. तो वायू म्हणजे हीलियम. निदानाचे हे साधन सामान्य रुग्णास दीर्घकाळ उपलब्ध राहावयाचे असेल, तर हे परावलंबन कोठून उद्भवते हे प्रथम पाहिले पाहिजे. आणि त्याचे मूळ सैद्धांतिक भौतिकीत आहे.

शरीरातील पाण्याच्या व मेदाच्या रेणूंत हायड्रोजनची अणुकेंद्रे, म्हणजे प्रोटॉन, विपुल असतात. प्रत्येक प्रोटॉन एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखा वागतो. बाह्य चुंबकीय क्षेत्रात पुंजयामिकीच्या नियमानुसार त्यास दोनच ऊर्जास्थिती शक्य असतात. रुग्णालयांत सामान्यतः आढळणाऱ्या १.५ टेस्लाच्या क्षेत्रात या दोन स्थितींमधील अंतर सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या रेडिओ-तरंगाच्या ऊर्जेइतके असते. शरीराच्या तापमानास उष्णतेची ऊर्जा याहून कितीतरी अधिक असल्याने दोन्ही स्थितींतील प्रोटॉनांची संख्या जवळपास सारखीच राहते. बोल्ट्झमनच्या सूत्राने हिशेब केल्यास १० लाख प्रोटॉनांमागे खालच्या स्थितीत आधिक्य असते ते अवघे ५ प्रोटॉनांचे. प्रतिमा घडते ती एवढ्याशा आधिक्यातून. क्षेत्र वाढविले की हे आधिक्य त्याच प्रमाणात वाढते, आणि म्हणूनच प्रबळ चुंबकाची गरज भासते.

१.५ टेस्ला हे क्षेत्र आपल्याकडील पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३५,००० पट होय. तांब्याच्या वेटोळ्यांतून प्रवाह सोडून एवढे क्षेत्र मोठ्या पोकळीत अहोरात्र टिकवावयाचे म्हटले, तर उष्णतारूपाने होणारा विजेचा अपव्यय परवडणारा नाही. कामर्लिंग ओनेस यांनी १९०८ मध्ये लायडन येथे हीलियम द्रवरूप केला आणि १९११ मध्ये अतितप्त नव्हे, तर अतिशीत पाऱ्यात विद्युत्‌रोध नाहीसा होतो हे दाखविले. या अतिसंवाहकतेची सूक्ष्मस्तरीय उपपत्ती बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडली. प्रतिमांकनाच्या चुंबकात वापरली जाणारी नायोबियम-टायटॅनियम मिश्रधातू सुमारे ९ केल्व्हिनच्या खाली अतिसंवाहक होते. प्रबळ क्षेत्र व मोठा प्रवाह असता ही मर्यादा आणखी खाली येते. द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो आणि हायड्रोजन १४ केल्व्हिनलाच गोठतो. ४.२ केल्व्हिनला उकळणारा हीलियम मात्र साध्या दाबाखाली कधीच गोठत नाही, कारण त्याच्या अणूंची शून्यबिंदू-ऊर्जा त्यांना स्फटिकात स्थिर होऊ देत नाही. हीलियमची जागा घेणारा दुसरा द्रव का सापडत नाही, याचे उत्तर हे आहे.

या मूलद्रव्याच्या इतिहासाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेला. विजयदुर्ग किल्ल्यावर या घटनेच्या स्मरणार्थ १८ ऑगस्टला हीलियम दिन साजरा होतो, आणि नॉर्मन लॉक्यर यांनी तेथूनच वेध घेतला अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात ग्रहणाचा वेध जान्सेन यांनी गुंटूर येथे घेतला, तर लॉक्यर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या वर्णपटातील पिवळी रेषा अभ्यासिली. पृथ्वीवरील हीलियम रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजात सापडला तो १८९५ मध्ये. युरेनियम व थोरियम यांच्या आल्फा-ऱ्हासातून तो खडकांत मंदगतीने निर्माण होतो आणि काही ठिकाणी नैसर्गिक वायूबरोबर साठतो. एकदा हवेत सुटला की तो विरळ होतो व कालांतराने अवकाशात निसटतो. त्याचे उत्पादन अमेरिका, कतार अशा मोजक्याच देशांत एकवटलेले आहे. २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी झाली तेव्हा जगाचा पुरवठा विस्कळीत झाला होता.

या अडचणीतून तीन मार्ग दिसतात. पहिला मार्ग हीलियम वाया न घालविण्याचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांत बाष्पीभूत हीलियम गोळा करून पुन्हा द्रवरूप केला जातो. दुसरा मार्ग बंदिस्त चुंबकाचा. जुन्या धाटणीच्या चुंबकास सुमारे १,५०० लिटर द्रव हीलियम लागे. २०१८ मध्ये अवघ्या ७ लिटरांवर चालणारा बंदिस्त चुंबक बाजारात आला. परंतु द्रवाचा साठा लहान म्हणजे थंडाव्याची शिल्लकही अल्प. वीज दीर्घकाळ खंडित झाल्यास असा चुंबक लवकर तापतो. तिसरा मार्ग क्षीण क्षेत्राचा. ०.०६४ टेस्लाचे, कायम चुंबकावर चालणारे व रुग्णाच्या खाटेपाशी नेता येणारे यंत्र २०२० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्यास हीलियम मुळीच लागत नाही; मात्र प्रोटॉनांचे आधिक्य २३ पटींनी घटते, प्रतिमा अस्पष्ट होते व ती गणिती प्रक्रियांनी सुधारावी लागते. शिवाय कायम चुंबकासाठी लागणाऱ्या विरल मृदा धातूंचे परावलंबन उरतेच. भारतात मुंबईची ‘समीर’ ही संस्था आणि नवी दिल्लीचे आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्र यांनी १.५ टेस्लाच्या स्वदेशी यंत्राचे काम हाती घेतले आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. क्षेत्र किती प्रबळ असावे हा केवळ यंत्रखरेदीचा प्रश्न नाही. मेंदूतील मोठा रक्तस्राव ओळखण्यास जे क्षेत्र पुरेसे ठरेल, ते सूक्ष्म अर्बुदाच्या निदानास पुरणार नाही. प्रत्येक ठिकाणी सर्वांत प्रबळ यंत्र बसविणे म्हणजे पुन्हा न मिळणाऱ्या द्रव्यावर आरोग्यसेवेचा पाया रचणे होय. आणि सर्वत्र स्वस्त यंत्रावर भागविणे म्हणजे काही रुग्णांचे निदान हुकविणे होय. कोणत्या रोगाच्या निदानास किती संदेश पुरेसा, हे ठरविण्यासाठी वैद्यकाचा अनुभव व भौतिकीचा हिशेब एकत्र यावे लागतात. वाकडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात रुग्णालये आहेत, यंत्रकौशल्य आहे, आणि पुण्याच्या संशोधनसंस्था हाकेच्या अंतरावर आहेत. या तिघांनी मिळून हाती घ्यावा असा हा विषय आहे.