कंपासपेटीतली पट्टी आणि पापलेट

रमजान ईदनंतरच्या रविवारी मासळीबाजारातून पापलेट आणले. नागपुरात पापलेट म्हणून पुष्कळदा तळ्यात वाढवलेला रूपचंदच गळ्यात मारतात. पण हे खरे होते, चंदेरी, मुंबईहून बर्फात आलेले. फक्त तळहाताएवढे. विक्रेता म्हणाला, "बाजी, छोटा है तो सस्ता है. पूरा का पूरा तलो, मसाला अंदर तक जाता है." घरी आल्यावर मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून पाहिली. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत ११ सेंटिमीटर.

पट्टी लावायला कारण होते. २०२३ साली शासनाने पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या समुद्री मासळीची किमान लांबी ठरवून दिली. चंदेरी पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. याहून लहान मासा एकदाही अंडी न घालता जाळ्यात येतो, म्हणजे पुढची पिढीच ताटात येते. लहान मासळी पकडणाराच नव्हे, ती विकत घेणारा व्यापारीही दोषी ठरतो. तेव्हाचे मत्स्यव्यवसाय मंत्री सुधीर मुनगंटीवार आपल्या चंद्रपूरचे, आणि पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आपल्या नागपुरातच. तरीही ते ११ सेंटिमीटरचे पापलेट बंदर, घाऊक बाजार, मालगाडी असा सगळा प्रवास करून माझ्या ओट्यावर पोहोचले, आणि वाटेत कोणीच त्याला पट्टी लावली नाही.

सूरह आराफमधली समुद्रकाठच्या वस्तीची हकीकत आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शनिवारी मासेमारी मना होती आणि नेमक्या शनिवारीच मासे पाण्यावर दिसत. इतर दिवशी येत नसत. तफसीरकार सांगतात की लोकांनी युक्ती काढली. शुक्रवारी जाळी लावायची, खड्डे खणायचे आणि रविवारी जाऊन मासे गोळा करायचे. शनिवारी हात लावलाच नाही, मग गुन्हा कुठे? मला या हकीकतीत नेहमी खटकतात ते तिसरे लोक, स्वतः पाप न करता समजावणाऱ्यांनाच "कशाला सांगता यांना?" म्हणणारे. पट्टी न लावता ते पापलेट विकत घेणारी मी त्याच गटातली.

आजच्या युक्त्याही तशाच आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ती बहुतेक पाळली जाते, कारण पावसाळ्यात समुद्रच बोट आत घेत नाही. पण बंदीच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यांत, बारीक आसाच्या जाळ्यांत पापलेटची पिल्ले येतात. पर्ससीन जाळे थव्याभोवती फिरवून बटव्याच्या नाडीसारखे खालून आवळतात. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने त्याचे परवाने कमी करत १८२वर आणायचे ठरवले आणि मोसम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठेवला. मग रात्री एलईडीचे दिवे पेटवून मासळी गोळा करणे सुरू झाले. केंद्राने २०१७मध्ये तेही बंद केले. दिव्यांच्या तक्रारी अजून येतातच.

मच्छीमाराला लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, बोटीच्या कर्जाचा हप्ता हे खर्च मासळी लहान म्हणून थांबत नाहीत. मी सोडलेले पापलेट उद्या शेजारच्या बोटीला मिळणार असेल, तर मी का सोडावे? रत्नागिरीचा मिरकरवाडा, राजापूरजवळचे साखरी नाटे इथे आपल्या समाजातली कितीतरी घरे पिढ्यानपिढ्या समुद्रावर जगतात. त्यांत पर्ससीनवर राबणारे आहेत तसेच छोट्या होड्यांचे मालकही आहेत. एकाच जमातीतले लोक या भांडणाच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत.

बी.एड.ला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवत. आधी उद्दिष्ट, मग कृती, शेवटी मूल्यमापन. उद्दिष्ट न लिहिता फळ्यावर चित्र काढले तर सर वही परत करत. आपल्या मासेमारीच्या नियमांत कृती भरपूर आहेत. पाच वर्षांत नेमके काय साधायचे, हे मात्र मच्छीमाराबरोबर बसून कोणी ठरवले? समजा ठरले की बंदरावर उतरणाऱ्या शंभर पापलेटांपैकी इतकी तरी पूर्ण वाढीची असावीत. ते मोजणार कोण, आणि आकडा घसरला तर कोणते जाळे किती दिवस किनाऱ्यावर राहील, हे मोसमाआधीच, सगळ्यांची डोकी थंड असताना, लिहून ठेवता येईल. मोजायला नवे खातेही उघडायला नको. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीत मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. मासळीचे वजन आणि भाव त्यांच्या वह्यांत चढतात. त्यात लांबीचा एक रकाना वाढवायचा.

केरळात कोल्लमजवळच्या अष्टमुडी खाडीत हे प्रत्यक्ष घडले आहे. तिथल्या तिसऱ्यांचे उत्पादन नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला घसरले. मच्छीमार आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ एकत्र बसले. अंडी घालण्याच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद. जाळ्याचा आस ३० मिलिमीटरपेक्षा लहान नको. बारीक तिसऱ्या निर्यातीत घ्यायच्या नाहीत. पुढे मच्छीमार, निर्यातदार, शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी यांची एक परिषद झाली. २०१४ साली या मासेमारीला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले, भारतातले पहिले. खाडी छोटी, जात एक, पाण्याबाहेर फार न भटकणारी. म्हणून ते सोपे गेले हे खरे. पापलेट गुजरातच्या आणि आपल्या हद्दीत सारखेच फिरते. दोन राज्यांना एका सतरंजीवर बसवणे हे शूरेचे काम आहे, आणि ते कुणीतरी अंगावर घ्यावे लागेल.

नाही घेतले तर काय होते, ते कॅनडाने पाहिले. शास्त्रज्ञ होते, कोटा होता, फक्त तो दरवर्षी थोडा जास्त ठरत गेला. जुलै १९९२मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी दोन वर्षांसाठी म्हणून बंद केली. सुमारे ३० हजार लोक बेकार झाले, आणि ती बंदी तीन दशके टिकली.

पुढच्या रविवारी मी पट्टी पिशवीत घालून बाजारात गेले. विक्रेत्याला ती पापलेटवर ठेवून दाखवली. तो हसला नाही. म्हणाला, "बाजी, पेटी बंद आती है. अंदर छोटा निकला तो वापस कौन लेगा? फेंक दूँ क्या?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मग त्यानेच पेटीतून दोन मोठी पापलेटे काढून पट्टीला लावली, १९ आणि २० सेंटिमीटर, आणि भाव सांगितला. किलोचा भाव लहानांच्या दुपटीच्याही वर होता. एकच घेतले. पाच जणांत वाटून खाल्ले.