शंका आली की लाल

पावसाळ्यात कॅम्प नंबर तीनकडून उल्हासनगर स्टेशनात शिरताना जिन्यावरच अंदाज येतो, फलाट नेहमीपेक्षा जास्त भरलेला असला की कुठेतरी सिग्नल गेलाय. मग मोबाइल बाहेर निघतात, ऑफिसात फोन जातात आणि सिग्नलवाल्यांचा उद्धार सुरू होतो. गंमत अशी, की नेमक्या त्याच वेळी ती यंत्रणा बहुधा आपले काम चोख करत असते.

कल्याणहून बदलापूरकडे जाणारे रूळ दिसायला सलग. सिग्नलच्या हिशेबात मात्र त्यांचे तुकडे पाडलेले असतात. जुन्या, अजूनही जगभर चालणाऱ्या पद्धतीत अशा तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही रुळांत थोडीशी वीज सोडतात आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर उचलला जाणारा खटका, बसवतात. रूळ मोकळा असला की वीज रिलेपर्यंत पोचते, रिले उचललेला राहतो आणि मागच्या सिग्नलला पुढे जाऊ द्यायची परवानगी मिळते. गाडीचे पहिले चाक आत आले की वीज एका चाकातून आसावाटे दुसऱ्या चाकात जाऊन तिथूनच मागे फिरते. रिलेला काही उरत नाही, तो पडतो, सिग्नल लाल होतो. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने 1872 मध्ये ही युक्ती काढली.

तिची खरी हुशारी गाडी नसताना कळते. रूळ तुटला तर रिले पडतो. वायर निघाली, वीजपुरवठा गेला, खडीवर पाणी चढून दोन रुळांमधून वीज झिरपू लागली, तरीही तो पडतो. गाडी आहे की बिघाड, हे यंत्रणेला कळत नाही, कळण्याची गरजही नाही. शंका आली की लाल. उल्हास आणि वालधुनी या दोन नद्यांच्या शेजाराने जाणाऱ्या मार्गावर ही शंका जुलै-ऑगस्टमध्ये वारंवार यावी, यात नवल नाही. म्हणून ठिकठिकाणी अ‍ॅक्सल काउंटर आले. ते आत गेलेली आणि बाहेर पडलेली चाके मोजतात, पाण्याला तेवढे दबत नाहीत. पण त्यांचाही खाक्या तोच. हिशेब जुळला नाही तर तो भाग भरलेलाच समजायचा.

सिग्नलचा रिले एकदा हातात घेऊन पाहण्यासारखा असतो. पारदर्शक आवरणात गुंडाळी, तिच्यासमोर लोखंडी पट्टी, तिला जोडलेल्या संपर्कांच्या रांगा. वीज गेल्यावर पट्टी खाली यायला नुसत्या स्प्रिंगवर भिस्त ठेवलेली नसते, कारण स्प्रिंग थकते. ती मुख्यतः स्वतःच्या वजनाने पडते, आणि गुरुत्वाकर्षण संपावर जात नाही. भारतीय रेल्वेतल्या क्यू-प्रकारच्या रिलेत संपर्काची एक बाजू धातूची, दुसरी कार्बनची असते. धातूला धातू ठिणगीने चिकटू शकतो. तो चिकटला तर पडायचा रिले पडणार नाही, आणि लाल हवा तिथे हिरवा राहील. एवढ्या बारीक शंकेसाठी कोणीतरी कार्बन निवडला, ही मला या सगळ्या व्यवसायाची ओळख वाटते.

रूळ आणखी एक ओझे वाहतात. लोकलने ओढलेली वीज त्यांच्यातूनच परत जाते. 1930 च्या सुमारास या बाजूला विजेच्या गाड्या आल्या त्या 1500 व्होल्ट डीसीवर, त्यामुळे सिग्नलची वीज वेगळी, एसी ठेवावी लागे. पुढे गाड्याच 25 हजार व्होल्ट एसीवर गेल्या आणि सिग्नलवाल्यांना आपलेही गणित बदलावे लागले. प्रवाशाला दिसले ते फक्त मेगाब्लॉक.

कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेला अजून दोनच मार्ग आहेत, त्यांवरच लोकल, मेल आणि मालगाड्या. त्यामुळे एक सिग्नल रुसला की सगळेच अडकतात. अशा वेळी खांबावरची ‘ए’ लिहिलेली गोल पाटी कामाला येते. स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटे थांबतो आणि मग समोर नजर ठेवून जपून पुढे सरकतो. गाडी विठ्ठलवाडीहून रांगत येते ती बहुतेक याच नियमाने. बदलापुरात 2016 च्या ऑगस्टमध्ये उशिरा येणाऱ्या गाड्यांना कंटाळून लोक रुळांवर बसले होते. त्यांचा राग खोटा नव्हता, पण त्याचे खरे उत्तर जादा मार्ग हेच होते.

भीती लाल दिव्याची नाही, नको तिथे लागलेल्या हिरव्याची आहे. 2 जून 2023 रोजी ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा होता, रुळांचा सांधा मात्र बाजूच्या लूप मार्गाकडे वळलेला, आणि लूपवर मालगाडी उभी. त्या टकरीत 290 हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत बोट गेले ते सिग्नलच्या वायरिंगमधील बदलांकडे. आधी कधीतरी जोडणी बदलली होती, पण खुणेच्या चिठ्ठ्या आणि प्रत्यक्ष वायर यांचा मेळ राहिला नव्हता. त्यावर फाटकाच्या नव्या अडसराचे काम करताना चूक झाली. रिलेने दगा दिला नाही. त्याला खोटी बातमी पोचवली गेली.

मोटरमनने लाल ओलांडू नये म्हणून मुंबईच्या लोकलमध्ये ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम कितीतरी वर्षे आहे, सिग्नलकडे दुर्लक्ष झाले तर ती स्वतः ब्रेक लावते. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने घडवलेले ‘कवच’ पुढचे, रेडिओ आणि रुळांवरच्या टॅगांवर चालणारे. उपयोगी, यात वाद नाही. पण तेही विश्वास ठेवते ते सिग्नलच्या खोलीतून आलेल्या माहितीवरच. बहानगात ते असते तरी हिरव्यावर धावणारी गाडी कशाच्या आधारे अडवणार होते?

म्हणून कल्याण–बदलापूरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. सुमारे 14 किलोमीटरचे हे काम, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नवे स्टेशन. म्हणजे चालत्या गाड्यांच्या शेजारी सांधे हलणार, केबल नव्या पेट्यांत जाणार, जुन्या वायर निघणार. नियम असा आहे की काम सुरू करताना सिग्नलवाला स्टेशनमास्तरला लेखी डिस्कनेक्शन, म्हणजे यंत्रणा कामापुरती तोडल्याची सूचना, देतो आणि तपासणी पुरी झाल्यावरच रिकनेक्शन. प्रवासी गाडी सोडण्याआधी नव्या मार्गाला मंजुरी लागते ती रेल्वे सुरक्षा आयुक्तांची, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. उद्घाटनाची तारीख जाहीर झाली की या तपासणीवर घाईचे दडपण येते, तेव्हा तारीख लांबली तर बदलापूरकरांनी थोडे सोसावे.