फिजिक्स शिकून काय होणार? एमआरआय मशीनला विचारा!

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत दरवर्षी तीच चर्चा. मुलगी म्हणते, "अब्बू, मला फिजिक्समध्ये बीएस्सी करायचंय, पुढे संशोधन करायचंय." घरची मंडळी विचारतात, "ते करून काय होणार?" प्रश्न चुकीचा नाही. पै-पै जोडून शिकवणाऱ्या घराने तो विचारायलाच हवा. पण उत्तर देण्याआधी एका मशीनची गोष्ट ऐकू या.

कंबरेची नस दबली, मेंदूत गाठ असल्याची शंका आली, की डॉक्टर सांगतात, "एमआरआय काढून आणा." चिरफाड नाही, क्ष-किरणही नाहीत, तरी शरीराच्या आतलं चित्र मिळतं. हे होतं कसं?

आपल्या शरीरात भरपूर पाणी आहे आणि पाण्यात हायड्रोजन. हायड्रोजनच्या अणूचं केंद्रक इवल्याशा चुंबकासारखं वागतं. माणसाला मोठ्या चुंबकात झोपवून रेडिओ लहरी सोडल्या की ही केंद्रकं ऊर्जा घेतात. लहरी थांबल्या की पूर्वस्थितीला येताना बारीकसा सिग्नल देतात. निरोगी भागाचा सिग्नल वेगळा, गाठीचा वेगळा. त्यावरून कॉम्प्युटर चित्र तयार करतो.

केंद्रकांचा हा गुण 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इसिडोर राबी यांनी मोजला. ते काही आजारावर इलाज शोधत नव्हते. अणूचं केंद्रक कसं वागतं, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. 1946 मध्ये फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळं काम करून तोच परिणाम पाणी आणि मेणासारख्या साध्या पदार्थांत दाखवला. त्यातून चित्र काढता येतं, हे पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवलं. म्हणजे तब्बल 35 वर्षांनी! चित्र झटपट काढण्याची रीत पीटर मॅन्सफील्ड यांनी दिली. 2003 मध्ये या दोघांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मशीनमधल्या चुंबकाची गोष्ट त्याहून जुनी. 1911 मध्ये हॉलंडमध्ये कामरलिंग ओन्स यांना दिसलं की, उणे 269 अंशांच्या आसपास पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसाच होतो. आज बहुतेक मोठ्या एमआरआय मशीनमध्ये याच तत्त्वावर चालणाऱ्या तारांची वेटोळी असतात.

तेव्हा कुणी "याचा उपयोग काय?" म्हणून या प्रयोगशाळांना कुलूप लावलं असतं, तर आज आपल्या अम्मीची गाठ वेळेत दिसली असती का?

मशीन वापरणारे आपल्यात आहेत, दुरुस्त करणारेही आहेत. नवं शोधणारे वाढायला हवेत. त्यासाठी परदेशीच जावं लागतं असं नाही. मुंबईत टीआयएफआर आहे, पुण्यात आयसर आहे. बीएस्सीनंतर 'जॅम' परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते. पीएचडी करताना फेलोशिपही मिळू शकते. वाट लांबची आहे, मेहनतीची आहे, हे आम्ही लपवणार नाही.

म्हणून यंदा घरात कुणी "फिजिक्स" म्हणालं, तर लगेच नाही म्हणू नका. आधी विचारा, "बेटा, तुला नेमकं काय शोधायचंय?"