भिंतीवरच्या रेघा

जुनी नाटके आणि काव्ये ही विद्वानांची मिरास; आमच्या चूलभाकरीशी त्यांचा संबंध काय, असा प्रश्न व्याख्यान ऐकून घरी परतताना पुष्कळांच्या मनात येतो. प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी आपल्याला फार लांब जावयास नको. संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरांवर असलेल्या पैठणपर्यंत गेले तरी पुरे.

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या कुळातील हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा सुमारे ७०० गाथांचा संग्रह आहे. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. संस्कृत नाटकांतील नायिका गात, तेही बहुधा याच भाषेत. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली हा ग्रंथ मराठी वाचकांच्या हाती दिला. संग्रह राजाच्या नावाचा खरा, पण त्यात वावर आहे तो नांगऱ्यांचा, सासवासुनांचा, वाटसरूंचा आणि गोदाकाठच्या गावांचा.

त्यांतील एक गाथा पाहा. नवरा परगावी गेला आहे. दिवसांची मोजदाद राहावी म्हणून बायको भिंतीवर रेघा ओढू लागते. आणि पहिला दिवस अर्धा होतो न होतो तोच भिंत रेघांनी भरून जाते. कवी तिच्या दुःखाविषयी अवाक्षर काढीत नाही. मोजणी चुकली एवढेच दाखवितो. बाकीचे आपण ओळखतो.

ही भिंत आपल्या ओळखीची नाही काय? मराठवाड्यातून दरसाल हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि पाचसहा महिने परततात ती नाहीत. फरक इतकाच, की आता बहुधा बायकोही कोयता घेऊन बरोबर निघते, आणि वाट पाहणे उरते ते घरच्या म्हातारीच्या नि पोरांच्या वाट्याला. मोबाईलवर आवाज ऐकू येतो, हे खरे. पण आवाज आला म्हणून रेघ पुसली जात नाही.

गाथा वाचून कोणाची मजुरी वाढत नाही, की कोणाचे स्थलांतर थांबत नाही. अभिजात वाङ्मयाकडून तशी अपेक्षाही आम्ही करीत नाही. परंतु 'हंगामी मजूर' हे दोन शब्द उच्चारून आपण शहरवासी जे मोकळे होतो, ते मोकळे होणे ती कठीण करते. राजाच्या संग्रहात एका निनावी बाईच्या भिंतीला जागा मिळाली. आपल्या मनात तेवढी जागा आहे की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.